तिसरा तास, इतिहास

चोपड्याच्या शाळेत निकुंभ सरांनी
तेरा वसाहतींचा नकाशा टांगला. खिळा ढिला,
मॅसॅच्युसेट्स जरा कलंडलेलं.
तंबाखू, नीळ, भात, लाकूड, सुकट.
कोणी पिकवलं, कोणी जहाजात भरलं.
रविवारी चर्चची घंटा,
आणि ज्याचा जसा पैसा
तसा त्याचा बाक.

जमना बारेला उभी राहिली :
"सर, पानं खुडणारे कुठं बसायचे?"

"वर. माळ्यावर.
जिना मागच्या बाजूनं."

तिची आई जिनिंगवर
कपाशीतला कचरा वेचते;
जमनाच्याही वेणीत रुईचं एक बोंदूक.

वहीत लिहिलं तिनं : माळा. जिना मागून.
मग, कोणी न सांगता :
वरून सगळ्यांची टाळकी दिसत असतील.

वही तपासताना त्या ओळीपाशी
सरांचं लाल पेन
टेकूनच राहिलं.
शाई पुढच्या पानावर उतरली.