हसू नका

चाळीस वर्षं मी एकच वाक्य बोलले :
कान दिसू द्या, हनुवटी खाली, हसू नका.
इकीकेच्या नोंदणी कचेरीसमोर
कपाटाएवढ्या माझ्या दुकानात
अर्धं गाव पांढऱ्या चादरीपुढे बसून गेलं.
मग सरकारने खिडकीत स्वतःचाच कॅमेरा बसवला
आणि मी चादर धुतली, घडी घातली,
रस्त्यावर आले.

इथे पाऊस पडत नाही.
मागे वाळूचा डोंगर, पुढे समुद्र,
मधे गाव, दाराच्या फटीत सापडलेल्या बोटासारखं.
पहाटे धुकं उतरतं, त्याला मासळीच्या भुकटीचा वास,
आणि त्या वासातून पोरं येतात
फळकुटं काखोटीला मारून.
सकाळचं फळकूट लाटेचं,
दुपारचं चाकांचं.
शाळेचं दप्तर कुणाकडेच दिसत नाही. मी विचारत नाही.

खडकावर उकिडवी बसते मी,
कॅमेऱ्याला पावाची पिशवी बांधून.
लाट उभी राहते तेव्हा तिच्या पोटात
एक हिरवी खोली तयार होते.
भिंत असते, छप्पर असतं,
भाडं मात्र तिथल्या तिथे चुकवावं लागतं.
एलीसेओ चायापा त्या खोलीत शिरला
आणि बाहेर पडला तेव्हा दातांत रक्त,
आणि हसत होता, गाढव.

माझं बोट उशिरा पडलं.
चेहरा स्थिर होण्याची वाट बघायची त्याला सवय.
पहिल्या अख्ख्या रोलमध्ये
फेस, एक टाच, पेलिकनचा अर्धा पंख.
डानित्सा म्हणाली, बाई, चेहरा सोडा, गुडघा बघा.
गुडघा आधी सांगतो.
तेरा वर्षांची पोर.
तिचं ऐकलं.

बंद पडलेल्या बँकेच्या पायऱ्यांवर
चाकं घासून घासून दगड आरशासारखा झाला होता.
नगरपालिकेने कडेला लोखंडी गुठळ्या ठोकल्या,
हातभर अंतराने एकेक.
एका रात्रीत चौदा गुठळ्या गेल्या.
उरली ती भोकं,
आणि भोकांवरून उडी मारणारी पोरं.
तीही मी टिपली. टिपणारच.

मंगळवारी सार्जंट आला.
टोपी काढली तेव्हा कानांवरून ओळखलं,
अठराव्या वर्षी माझ्यापुढे बसलेला.
म्हणाला, तुम्ही रोज तिथे असता. फोटो हवेत.
मी बुटाचं खोकं पुढे सरकवलं.
त्यात सावल्या होत्या. कोपरांवरच्या खपल्या.
गुडघेच गुडघे.
खारट झालेली केसांची टोकं.
एकात नुसती भिंत, कारण पोरगं आधीच पडलं होतं.

चेहरे कुठायत?
चेहऱ्यांचा धंदा मी बंद केला, म्हटलं.

एकेक उचलून बघत राहिला.
चहा दिला, तो निवला.
मग एका बुटाशी थांबला :
डाव्या पायाचा, अंगठ्याजवळ फाटलेला,
मासेमारीच्या निळ्या दोऱ्याने कुणीतरी शिवलेला,
टाके मोठे, पुरुषी, घाईतले.
त्याने स्वतःच्या बोटांकडे पाहिलं.
मी भिंतीकडे.

फोटो गठ्ठ्यात अगदी तळाशी घातला,
गठ्ठा ठोकून सारखा केला.
हे सगळं हललंय, म्हणाला.
हो, म्हटलं. हललंय.

दारात त्याने टोपी चढवली, कान झाकले गेले.
टेबलावर वर्तमानपत्राखाली
ती गुठळी होती, पंधराशे ग्रॅमची,
एलीसेओने वाढदिवसाला दिलेली.
वर्तमानपत्र कधी एवढं फुगत नाही.
त्याला ते दिसलंच असणार.

तो गेल्यावर आठवलं,
तेव्हा, अठराव्या वर्षी, तो किंचित हसला होता,
ओठाच्या एकाच कोपऱ्यात.
मी म्हटलं होतं, हसू नका,
आणि दुसरा काढला होता.

पहिला मी फेकलेला नाही.
माळ्यावर कुठेतरी असेल.
शिडी मागायला हवी कुणाची तरी.