खर्ज

आमची आणि मेहरुन सिस्टरची भिंत एकच.
साडेचार इंची. यादवनगरात सगळ्यांची तेवढीच.
पलीकडं त्या दिवसा झोपतात
सीपीआरमधली रात्रपाळी उरकून,
खिडकीला काळी चादर टाचून.
अलीकडं आप्पा.
छत्तीस वर्षं उद्यमनगरात लेथवर,
शेजारच्या शेडात दिवसभर पत्रा ठोकायचे,
कानातलं जे काय होतं ते तिथंच राहिलं.

टीव्ही चाळीसवर.
मी तीसवर आणला की म्हणायचे,
"बंदच कर की मग."

सिस्टर कधी भांडल्या नाहीत.
फक्त एकदा जिन्यात, किल्ली शोधता शोधता म्हणाल्या,
"ती सासू सुटली का हो जामिनावर?"
त्यांच्याकडं टीव्हीच नाही
हे मला चौथ्या पायरीवर आठवलं.

मग मी राजारामपुरीतून साउंडबार आणला.
दुकानदार म्हणाला, शब्द सुटे सुटे ऐकू येतील,
आवाज कमी ठेवला तरी चालेल, लई भारी आहे.
सोबत एक काळा डबा होता, जमिनीवर ठेवायचा.
तो मी ठेवला. भिंतीला चिकटून.
दुसरीकडं जागाच नव्हती.

रविवारी सिस्टरना सुट्टी. त्यांच्याकडं गेले,
म्हटलं, इथून ऐकून बघते.
त्यांनी स्टुल दिलं, वर चहा.
मी भिंतीला कान लावला.
शब्द गेले होते. सासू नव्हती, बातम्या नव्हत्या.
उरलं होतं नुसतं ढुम्,
आणि थोड्या वेळानं परत ढुम्,
कुणीतरी उशीखाली मुसळ घातल्यासारखं.
मांडणीवरचा एक पेला दुसऱ्याला हळूच लागत होता.
"ह्याची होईल सवय," सिस्टर म्हणाल्या.
मला चहा गिळवेना.

घरी येऊन आप्पांना सांगितलं.
दोनदा सांगितलं, तिसऱ्यांदा पाटीवर लिहिलं.
ते उठले. डब्याकडं बघितलंसुद्धा नाही.
भिंतीवर तळहात ठेवला,
पूर्ण, पाची बोटं पसरून,
बेअरिंग गेलंय का बघताना ठेवायचे तसा.
डोळे मिटले.
"बोलणं हवेतनं जातंय गं," म्हणाले,
"खर्ज जातोय भिंतीतनं. हे मशीन पाया धरून हलतंय."

पलंगाखालची पत्र्याची पेटी ओढली.
त्यात जाड रबर, मशीनच्या पायाखालचं, कधीचं जपलेलं.
पात्यानं चार तुकडे कापले, बिस्किटाएवढे.
बार त्यावर. टीव्ही उचलून स्वयंपाकघराच्या भिंतीला,
कॅलेंडरचा खिळा काढून.
डब्याला मात्र रबर दिलं नाही.
"ह्यो परत देऊन ये जा. ह्याला बोलायचं काय न्हाई,
नुसतं ढकलायचंय."

मग संध्याकाळभर
ते भिंतीशी उभे, हात लावून,
आणि मी रिमोट घेऊन.
अठरा. मान हलायची, नाही.
सोळा. नाही.
चौदाला हात काढला, पँटीला पुसला.
"झोपू दे आता त्या पोरीला."
ज्या आवाजातलं एक अक्षर त्यांना ऐकू येत नव्हतं
तो त्यांनी सुतात लावून दिला.

त्यांच्यासाठी हेडफोन आणले. मोठे, कान झाकणारे.
त्यात आवाज कितीही असो, तो त्यांचा त्यांच्यापाशी.
घर एकदम रिकामं वाटलं.
दोन दिवस मी मुद्दाम भांडी आपटत होते.

शुक्रवारी खासबागेतली कुस्ती दाखवत होते.
टीव्ही मुका. दोन मल्ल मातीत, गुपचूप.
आणि कान झाकलेले आप्पा
खुर्चीच्या टोकावर येऊन, सगळ्या गल्लीला ऐकू जाईल असे,
"पट काढ! अरं पट काढ की!
बघतंय काय त्याच्या तोंडाकडं!"

शनिवारी जिन्यात सिस्टर भेटल्या,
डोळे तांबडे, हातात डबा, ड्यूटीवर निघालेल्या.
"काढला का शेवटी पट?"
"काढला," मी म्हटलं. "सातव्या मिनिटाला."
"बरं झालं. मी जागीच होते तोवर."

आप्पांना हे सांगायचं राहिलंय.
त्यांना वाटतंय, आता आपण
अगदी गप बसून बघतो.