विषय क्रमांक सात

वडगावात, विणकर पतसंस्थेच्या माडीवर
तीन कॉम्प्युटर. एक माझा, एक कॅशियर पाऊसकरांचा,
तिसरा खिडकीकडचा, ज्याला सगळे अजून
किरमटेंचा म्हणतात.

हुबळीहून पोरगा आला होता, प्रज्वल नावाचा,
बूट दाराशी काढून, कोटेशन प्लॅस्टिकच्या पिशवीत.
म्हणाला, मॅडम, हे व्हर्जन आता कंपनीच सांभाळत नाही,
उद्या काही झालं तर कुणाला विचारणार?
मी म्हटलं, तेरा वर्षांत काही झालं नाही.
तो म्हणाला, तेच तर.

तेच तर.
दिवसभर हे दोन शब्द खालच्या मागांच्या खडखडाटात
ये-जा करत राहिले.
वडिलांनी हातमाग मोडून पॉवरलूम घेतला तेव्हा
लाकूड जळणाला गेलं. धोटा आईनं ठेवून घेतला.
कशाला, ते कुणी विचारलं नाही.
त्यात ती सुया ठेवायची.

आणि विकत घ्यायचंही नाही म्हणे,
दर वर्षी पैसे भरायचे, भरले नाहीत की बंद.
चेअरमन हुंडरे म्हणतील, म्हणजे भाड्यानं ऱ्हायचं काय गा आपण?
त्यांना व्याज कळतं, मुद्दल कळतं.
कधीच न फिटणारा हप्ता
आजवर त्यांनी फक्त दुसऱ्यांना लावलाय.

तीस दिवस फुकट चालतं, म्हणून माझ्या मशीनवर घालून बघितलं.
किरमटेंनी बनवलेलं मंजुरीपत्र उघडलं
आणि अक्षरं उधळली:
अधिकची चिन्हं, टोप्या घातलेले परके स्वर,
मधेच पौंडाची खूण.
आकडे तेवढे शाबूत.
कर्ज रुपये पंचवीस हजार. कुणाचं, ते कळेना.

फॉन्ट जुना आहे, प्रज्वल म्हणाला, कन्व्हर्टर आहे की.
कन्व्हर्टरनं नावं परत आणली,
पण बिर्जेंचा रफार शेजारच्या अक्षरावर जाऊन बसला.
हातानं तपासावं लागेल.
चार हजार पत्रं.

एक मात्र खरं. निबंधकांची पत्रं कन्नडात जातात,
त्यांना आजवर वेगळं सॉफ्टवेअर, वेगळा कीबोर्ड, वेगळी मी.
नव्यात दोन्ही एका पानावर राहतात.
वर मराठीत लिहिलं वडगाव,
खाली कन्नडात वडगावी.
दोन्हींखाली तांबडी नागमोडी रेघ.
त्याला आम्ही कुठल्याच बाजूनं माहीत नाही.

गंगव्वा कप गोळा करत म्हणाली,
हळेदू इरली, होसादू बरली, अक्का.
जुनंही असू दे, नवंही येऊ दे.
तिचं बरंय.
टेबल दोनच उरलेत आणि प्लगपॉइंट एक.

संध्याकाळी सगळे गेल्यावर खिडकीकडच्या मशीनवर बसले.
मंजुरीपत्राची मूळ फाईल मी कधी बदलत नाही,
नक्कल काढते आणि मिटते.
तिच्या पोटात नोंद आहे:
बनवणार ह. भि. किरमटे.
शेवटचा बदल, ते निवृत्त झाले त्या शुक्रवारी,
सहा वाजून चाळीस मिनिटं.
ऑफिस साडेपाचला सुटतं.
काय बदललं असेल जाता जाता?
आदल्या दिवसाची छापील प्रत काढून ओळीला ओळ लावली.
एखादा स्वल्पविराम असेल. सापडला नाही.
नव्यात नेऊन जतन केली
की तिथं माझं नाव येणार, माझी वेळ.

बैठकीची नोटीस काढायची होती.
विषय क्रमांक सात: सॉफ्टवेअर अद्ययावत करण्याबाबत
विचार करणे.
निर्णय घेणे, असं लिहून खोडलं.
कोटेशनची मुदत एकतीसपर्यंत आहे.

कुठल्या मशीनवर टाइप करू, यात अर्धा तास गेला.
मग हातानंच लिहिली,
कार्बन घालून, तीन-तीन कागद दाबून.
हुंडऱ्यांनी सकाळी नोटीस लांब धरून वाचली,
चष्मा वर केला.
अक्षर कुणाचं हे?
चांगलं हाय की.