नमुना उत्तरपत्रिका

ग्रिम्सबीच्या गोदीमागे, शीतगृहाच्या वरच्या मजल्यावर
रात्रपाळीला मी, दोन स्क्रीन,
आणि कीथ, ज्याच्या निवृत्तीला अकरा महिने उरलेत
आणि जो बोटं कापलेले हातमोजे घालूनच टाइप करतो.

फाइल उघडली की लाल.
चौदाव्या ओळीखाली नागमोडी रेघ,
पंधराव्या, सोळाव्याखाली, पुढे मोजणं सोडलं.
"हा शब्द इथे मान्य नाही," एडिटर म्हणतो.
का नाही? साधंच तर लिहिलंय:
खोली एक, तापमान उणे बावीस.
त्या एका ओळीच्या भरवशावर हॅडॉक मासा
सहा वर्षं बिनतक्रार झोपलाय.

"बघू नकोस तिकडे," कीथ म्हणतो,
"तू यायच्या आधीपासून आहे ती लाली.
प्रोग्रॅम चालतो ना? मग."

माझ्याच्याने होत नाही.
मी स्पेस मोजल्या, दोन दोन, गव्हातले खडे निवडावेत तशा.
टॅब शोधले. अवतरणचिन्हं काढली, घातली.
ओळ पुसून तीच ओळ पुन्हा लिहिली.
एडिटर बंद, चालू. एक्स्टेन्शन काढलं, परत बसवलं.
लाल ते लालच.
चोर सोडून संन्याशाला सुळी,
आणि संन्याशांची तर रांगच लागलेली.

पहाटे तीनला, चहा गार झाल्यावर,
नजर खाली उजव्या कोपऱ्यात गेली.
बारीक राखाडी अक्षरांत तिथे एक नाव,
कुठल्याशा दुसऱ्याच प्रोग्रॅमच्या नियमावलीचं.
आमच्या फाइलचं नाव त्यांच्या फाइलसारखं, एवढंच.
नावावरून एडिटरने कूळ ठरवलं
आणि विचारायची तसदी घेतली नाही.

कऱ्हाडला कुसुमआत्या दहावीचे पेपर तपासायची.
एका वर्षी अख्खा गठ्ठा नापास होत चालला,
भूमितीत कुणाला सात, कुणाला नऊ.
चाळिसाव्या पेपरला तिने पेन खाली ठेवलं.
मुलं अ संचाची, नमुना उत्तरपत्रिका ब संचाची.
ती काही बोलली नाही. पाणी प्यायली
आणि पहिल्या पेपरपासून पुन्हा बसली.
लालवर लालनेच काट मारत,
प्रत्येक काटेशेजारी सही.

सेटिंगमध्ये मी एक ओळ घातली:
या फाइलला ही नियमावली. आमची.
कुणीतरी कधीची लिहून ठेवलेली, कुणी जोडलीच नव्हती.
लाली ओसरली, झपकन, सगळी.
कीथने खुर्ची जवळ ओढली.

सगळी नाही.
एकेचाळिसाव्या ओळीखाली एक रेघ तशीच.
"हा आकडा शून्याच्या खाली हवा."
खोली तीन, धोक्याची घंटा: अठरा.
उणे नाही. नुसते अठरा.

ग्रिम्सबीत अठरा अंश जुलैतसुद्धा नवसाने येतात.
मासा वितळला असता, वास सुटला असता,
माणसं नाक धरून जिना उतरली असती
आणि घंटा गप्प.
इतकी वर्षं ही एक खरी रेघ
खोट्यांच्या गर्दीत, त्यांच्याच रंगात उभी.

कीथने हातमोजे काढले.
उजव्या अंगठ्याचं नख काळं पडलेलं, मी प्रथमच पाहिलं.
"माझंच आहे ते," तो म्हणाला. "तेव्हा घाई होती."
मी कीबोर्ड त्याच्याकडे सरकवला.
त्याने अठराच्या अलीकडे, एका बोटाने,
छोटी सरळ आडवी रेघ दिली.

खाली तीन नंबरचं दार उघडून
कुणीतरी ट्रॉली आत नेत होतं.