काटे

माझ्या टेबलाच्या काचेखाली दिवा आहे.
वर कॉडचा तुकडा ठेवला की मांस दुधाळ उजळतं
आणि आतला एकेक काटा दिसतो.
चिमट्यात धरायचा, एका हिसक्यात ओढायचा.
मिनिटाला चार तुकडे, एकवीस वर्षं.
भिंतीवरच्या घड्याळाचा काटा तेवढा कुणाला काढता येत नाही.
कानांवर गोंगाट अडवणारे जाड कप,
आणि कपांच्या आत कुणीतरी मला पुस्तक वाचून दाखवत असतं.

तेव्हा विचारू नका मी प्रत्येकाच्या वाचण्यात खोट का काढते.
हाताची सवय कानाला लागली.

हालवर्द वाचतो ते मला चालतं.
तेराव्या प्रकरणात त्याला सर्दी होते, विसाव्यात उतरते.
मधे कादंबरीत भर उन्हाळा, गवत कापणी चाललेली,
तरी सगळे नाकात बोलतात, पाद्रीसुद्धा.
ती सर्दी मी कुणाला पुसू देणार नाही.
पान उलटताना तो थांबतो.
तेवढ्यात माझा एक तुकडा होतो.

दुसरा एक आहे, नाटकातला.
नाव घेत नाही, त्याची आत्या आमच्या गल्लीत राहते.
बाई बोलायला लागली की हा स्वतःचा गळा चिमटीत धरतो.
या शेडमध्ये आम्ही चाळीस जणी आहोत.
अशी एकही बोलत नाही.
आणि रडायची जागा आली की आमच्या आधी हाच रडतो.
वाढणाऱ्यानेच जेवून उठावं तसं.
आम्ही मग रिकामं ताट बघत बसायचं.

यंत्राचा आवाजही ऐकून पाहिला.
एक काटा सापडला तर शपथ.
श्वाससुद्धा नाही. अख्खं पान पाण्याखाली राहून बोलतो,
शेवटी मलाच धाप लागली.

माझा मुलगा स्नायबियोर्न दीडपट वेगाने ऐकतो.
आई, वेळ वाचतो, म्हणतो.
वाचत असेल.
पण मोठ्याने वाचत नाही ना.

आमच्या फ्योर्डात नोव्हेंबरात सूर्य डोंगराआड जातो
तो जानेवारी संपताना वर येतो. त्या दिवशी सगळे पॅनकेक करतात.
यंदा त्याच्या आधीच्या आठवड्यात वादळाने तारा तोडल्या.
तीन दिवस वीज नाही.
शेजारच्या ओद्नीला ब्याण्णव वर्षं, डोळे गेल्यात जमा.
तिच्या फोनमध्ये हालवर्द गप्प झाला
नेमका होडी उलटायच्या आधी.
ती भिंत धरत धरत माझ्या दारात.
कागदाचं पुस्तक आहे कपाटात, म्हणाली.
तुला एवढं कळतं ना वाचण्यातलं?

मी वाचलं.
दोन ओळींत तीनदा अडखळले.
रोज तोंडात असतं त्या खाडीचं नाव चुकले.
थुंकी गिळलेली मलाच ऐकू आली.
आणि नावाड्याची विधवा बोलायला लागली
तेव्हा, देवाशपथ, माझा गळा आपोआप चिमटीत गेला.
ओद्नी खोकेपर्यंत हसली.

मग होडी उलटली.
हा प्रसंग मी कानांनी दोनदा ऐकला होता, काटे काढता काढता,
एक तुकडा चुकला नव्हता.
आता धाकटा भाऊ वल्ह्याला धरून राहिला त्या ओळीवर
माझा आवाज फुटला. तिच्या आधी.
वाढणारीच बसली जेवायला.

मेणबत्ती बुडाशी आली होती.
ओद्नीने बाही वर सारून हात पुढे केला. बघ, म्हणाली.
दिसत काहीच नव्हतं. मी बोटांनी चाचपलं.
कातडी सुरकुतलेली, थंड,
आणि कोपरापर्यंत काटा.
एकवीस वर्षांच्या सवयीची बोटं माझी,
त्यावरून नुसती फिरत राहिली.
पुढे, ती म्हणाली. थांबलीस कशाला?

शुक्रवारी वीज आली.
ओद्नीने आधी फोन चार्जिंगला लावला, मग चहा ठेवला.
हालवर्द तुझ्यापेक्षा पुष्कळ चांगला वाचतो, म्हणाली.
माहीत आहे मला, म्हटलं,
आणि बूट चढवून कामावर गेले.