गट नंबर एक्केचाळीस

इछॉनच्या कारखान्यात, चौथ्या मजल्यावर
रातपाळीला मी वीज तोडते.
हेच काम. चिप लिहीत असताना मध्येच
तोंडचा घास काढावा तशी वीज काढून घ्यायची,
परत द्यायची, आणि विचारायचं:
सांग, कोण कुठे राहतं?

तिला खोडून लिहिता येत नाही.
भाजलेल्या मडक्यावर बोट उमटत नाही, तसं.
(गावात भट्ट्या आहेत, म्हणून हेच सुचलं.)
एक अक्षर बदलायचं तरी
अख्खं पान दुसरीकडे नव्यानं लिहायचं,
जुन्यावर नुसती खूण: इथे आता कोणी नाही.
वरच्या संगणकाला याचा थांगपत्ता नसतो.
तो म्हणतो सातशे बारा. कायमचं सातशे बारा.
खाली सातशे बारानं सकाळपासून
नऊ वेळा बिऱ्हाड हलवलेलं असतं.

सगळं एका तक्त्यावर चालतं.
डावीकडे नाव, उजवीकडे जागा.

बाबांच्या डोक्यात असा एक तक्ता होता.
माएंग गी-चोल, पोस्टमन, लाल मोटरसायकल,
एकतीस वर्षं.
तेव्हा नंबर मिळायचे ते बांधकामाच्या क्रमानं:
बाराच्या शेजारी सत्तर, सत्तरच्या मागे तीन.
मग सरकारनं रस्त्यांना नावं दिली, घरं ओळीत मोजली,
आणि म्हाताऱ्या जुनाच पत्ता लिहीत राहिल्या.
बाबा पाकिटावर एक नजर टाकून
बरोबर गल्लीत वळायचे.

चिपमध्ये जागा संपत आली की
एकेक पान पुसता येत नाही. पुसायचा तर अख्खा गट.
म्हणून आधी बघायचं, यात अजून जिवंत कोण?
त्यांना उचलायचं, दुसरीकडे नेऊन ठेवायचं,
तक्ता बदलायचा,
मग वीस व्होल्ट.
आणि त्याच त्या गटावर पुन्हा पुन्हा नको;
काही हजार वेळा पुसला की तो काही धरून ठेवत नाही.
झीज सगळ्यांनी वाटून घ्यायची.
हे बाबांना सांगितलं तेव्हा
मुळ्याचा तुकडा चावत ते बराच वेळ हसले.

सोत्गोल रिकामं केलं तेव्हा मी सात वर्षांची.
त्याच जागेवर हा कारखाना. माझी खुर्ची
बहुधा यू बाईंच्या तिळाच्या शेतावर.
त्रेपन्न घरं. प्रत्येकाला नवी जागा, शिक्का, ट्रक.
एक्केचाळीस नंबरासमोर नोंद होती: रिकामं.
मागच्या खोलीत ब्योन मान-सू राहत होता,
भट्टीची लाकडं फोडणारा, मुका.
त्याला कुणी विचारलं नाही.
दोन महिन्यांनी त्याच्या नावे पुसानहून पत्र आलं.
बाबांनी ते परत पाठवलं नाही.
नोकरीत नियम मोडला तो एवढाच.

आज पहाटे, अकरा हजार चारशे सहाव्या खेपेला
एक पान सापडलं नाही.
चार किलोबाइट. बाकी सगळे जागच्या जागी.
वीज गेली तेव्हा तक्ता अर्धवट होता.
अशा वेळी प्रत्येक पानाच्या कडेला लिहिलेलं नाव वाचत
तो पुन्हा विणायचा असतो.
हे नाव दोन ठिकाणी निघालं.
आम्ही जुनं खरं मानलं, नवं पुसून टाकलं.

गुक से-ऑन म्हणाला, अकरा हजारांत एक. चालेल.
अहवालात किरकोळ लिही.
मी किरकोळ लिहिलं. खोडलं.
(खोडलं असं मला वाटतं. खाली कुठेतरी
दोन्ही शब्द आहेत, वेगवेगळ्या पानांवर.)

घरी बाबा तांदूळ धूत होते.
मी खणातलं पाकीट मागितलं.
पाठीमागे पाठवणाऱ्याचा पत्ता, पेन्सिलीनं,
जुन्या पद्धतीचा, गट नंबराचा.
"हा आता कुठे असेल?"
त्यांनी हात पुसले, चष्मा शोधला,
पाकीट खिडकीशी नेऊन तिरपं धरलं.
"पुसान माझ्या हद्दीत नव्हतं," म्हणाले,
"पण तिथेही कुणीतरी पोस्टमन असेल ना,
माझ्या वयाचा."