खोका क्रमांक सतरा

नागणसुरे बंधूंचे कागद टेम्पोतून आले,
एकोणतीस खोके,
वर चादरींच्या कारखान्याचे जुने शिक्के.
मला रोजंदारीवर ठेवलंय यादी करायला :
तारीख, विषय, पाने, अवस्था.
अवस्थेत मी बहुतेक 'कसर' लिहिते.

थोरले बसलिंगप्पा, धाकटे चनवीर.
दोघे वकील, दोघे नगरपालिकेत,
एका छपराखाली दोन पक्ष.
थोरल्यांची ओळ कोर्टात उभी असल्यासारखी ताठ,
धाकट्यांच्या वेलांट्या पळत सुटलेल्या
आणि समासात शेंगाचटणीचा तेलकट डाग.

पूर्व भागातल्या विणकरांना नळ मिळावा
म्हणून अकरा स्मरणपत्रं.
गिरणीतून काढलेल्या बायकांचे अर्ज, फुकट लिहिलेले.
'हक्क' हा शब्द मी मोजत होते,
चौऱ्याण्णवला सोडून दिलं.

निवडणुकीच्या साली भावांनी एकमेकांना नोटिसा दिल्या.
पत्ता तोच. टपाल वरच्या मजल्यावरून निघालं,
पोस्टात शिक्का खाऊन खालच्या मजल्यावर परत आलं.
त्याच आठवड्यात परटाच्या वहीत
दोघांचे काळे कोट एका गाठोड्यात.

मला आवडायला लागले होते ते दोघे.
दुपारी तलावाकडून वारं आलं
की मी त्यांच्यावर वजन ठेवायचे, पितळी,
आणि म्हणायचे, बसा आता गप.

मग सतरावा खोका.
हक्कसोडपत्र. गंगव्वा भ्रतार सिद्रामप्पा, राहणार वळसंग,
आईच्या माहेरची सात एकर, विहिरीसह,
'राजीखुशीने, अक्कलहुशारीने,
कोणाच्याही दडपणाशिवाय'
बंधूंच्या नावे.
मसुदा थोरल्यांचा, दुरुस्त्या धाकट्यांच्या.
एकोणतीस खोक्यांत या एकाच पानावर
दोघांची शाई शेजारी शेजारी.
खाली निशाणी, डाव्या हाताचा अंगठा.

तळाशी एक पोस्टकार्ड, दोन वर्षं आधीचं, कन्नडात.
मला येत नाही. झाडू बाजूला ठेवून
निंगम्मानं वाचून दाखवलं :
हुरडा पाठवलाय. पायल्या मोजून घ्या,
गाडीवानावर भरवसा नाही.
चनवीरला खोकला आहे तोवर दही देऊ नका.
आणि सही. तीन गोल अक्षरं,
सरावाच्या हाताची.

मी दोन्ही कागद टेबलावर ठेवले.
निंगम्मा म्हणाली, लिहिता येत होतं की हिला.
मग अंगठा का?
भावांनी दौतच पुढे केली नसेल, मी म्हटलं.
ती बराच वेळ बघत राहिली त्या डागाकडे.
'किंवा केली असेल,' म्हणाली,
'आणि हिनं जमीन दिली,
नाव नाही दिलं.'

साहेब विचारून गेले, सतरा झाला का.
विषयाच्या रकान्यात मी 'कौटुंबिक' लिहिलं, खोडलं,
मोकळं ठेवलं.
पाने दोन.
अवस्था : उत्तम.
अंगठ्याच्या रेषा अजून मोजता येतात.